दूरदर्शन आता बघतं कोण? छत्री, केबल आणि मोबाईलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी गुहागर तालुक्यात, शृंगारतळीच्या आसपासच्या गावांत गेली तीसेक वर्षं लोकांच्या छपरांवर चढतोय. आधी अँटिना लावल्या, मग केबल ओढली, मग डिशच्या छत्र्या बसवल्या आणि आता वायफायचे डबे लावतो. खाली उतरलो की पडवीत चहा येतो आणि चहाबरोबर प्रश्न येतात, तेच तेच. म्हटलं एकदा बसून सगळं टाईप करून टाकू, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

दूरदर्शनचे बघणारे खरंच कमी झाले का?

झाले. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. मी ज्या घरांत जातो तिथे रिमोट हातात घेतला की शेवटचं लागलेलं चॅनेल कुठलं ते लगेच कळतं, ते डीडी असणारं घर दहात एखादं आणि तिथे बहुतेक एक म्हातारं माणूस असतं. पण "सगळे मोबाईलमुळे गेले" असं जे म्हणतात ते अर्धवट आहे, कारण निम्मे तर मोबाईल यायच्या कितीतरी आधीच गेले होते. आणि गंमत अशी की चॅनेल सोडून गेलेली हीच माणसं आज दूरदर्शनच्याच छत्रीवर दुसऱ्यांचे कार्यक्रम बघतायत. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, तो प्रश्न चुकवू नका.

पूर्वी तर अख्खं गाव दूरदर्शन बघायचं ना?

बघायचं, कारण दुसरं होतं काय! दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि आमच्या वाडीत पहिला टीव्ही आला तोवर रामायण सुरू व्हायची वेळ झालेली. म्हणजे जानेवारी १९८७. मी तेव्हा शाळेत. वाडीत एकच टीव्ही आणि रविवारी सकाळी त्या घराच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची, बाहेर खळ्यात बायका बसायच्या, काहीजणी टीव्हीला हात जोडून. सिग्नल कुठून तरी लांबून डोंगरांना वळसे घालत यायचा, त्यामुळे उंच बांबूवर अँटिना आणि बांबू धरून फिरवायला मी. आतून ओरडा यायचा "आलं रे आलं... गेलं! मागे घे, मागे घे, आता हलू नको!" मग मी तसाच बांबू धरून उभा. बाणाला बाण लागून आत सगळे वा वा करायचे आणि मला फक्त आवाज ऐकू यायचा. आणि अँटिनावर वानर बसलं की संपलंच, राम-लक्ष्मण सगळे पडद्यावरच्या मुंग्यांत गायब.

हे आठवून लोक हळवे होतात, मीही होतो, पण खरं सांगायचं तर त्याला लोकप्रियता म्हणायचं की नाईलाज म्हणायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकच हॉटेल असलेल्या गावात त्याच्याकडे गर्दी असणारच.

मग लोक गेले कधी?

दोन लाटांत गेले.

पहिली लाट केबलची. १९९१ ला आखाती युद्ध लोकांनी सॅटेलाईटवर बघितलं, ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला, आणि काही वर्षांत आमच्याकडेही कुणीतरी मोठी छत्री लावून माडावरून माडावर, आंब्यावरून फणसावर वायर टाकत वाडी जोडली. मी त्याच वायरी ओढायचो. तरी तेव्हा मराठी घर पूर्ण गेलं नव्हतं, कारण मराठीत बघायचं तर दूरदर्शनच, मुंबई केंद्राचं मराठी चॅनेल, ज्याला २००० मध्ये सह्याद्री नाव मिळालं. खरा घाव बसला १५ ऑगस्ट १९९९ ला, अल्फा मराठी आलं तेव्हा (आताचं झी मराठी). त्यानंतर ईटीव्ही मराठी, २००८ ला स्टार प्रवाह. रोज संध्याकाळी मराठी सिरीयल, तीही आठवड्याला एक भाग नाही तर सोमवार ते शनिवार. एकदा सासू-सुनेचं सुरू झालं की आमच्या वैनी सातच्या बातम्यांना थांबतायत होय!

दुसरी लाट सप्टेंबर २०१६ नंतरची, जिओची. सुरुवातीला फुकट डेटा, मग स्वस्त डेटा, आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातात वेगळा टीव्ही. पहिल्या लाटेत फक्त दूरदर्शनचं नुकसान झालं, दुसरीत केबलवाल्याचं आणि त्या खाजगी चॅनेलांचंही. त्यामुळे "दूरदर्शन हरलं" एवढंच म्हणणारे कालचं पेपर वाचतायत, कारण ज्यांनी दूरदर्शनला हरवलं तेच आज मोबाईलला घाबरलेत.

फ्री डिश म्हणजे दूरदर्शनच ना? मग त्याचे बघणारे वाढले की कमी झाले?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आणि हा विचारणारे सगळ्यात कमी.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने स्वतःची डीटीएच सुरू केली, डीडी डायरेक्ट प्लस. पुढे तिचंच नाव फ्री डिश. छत्री, एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा डबा), वायर, बॉक्स एकदा विकत घ्यायचा, बसवणाऱ्याला (म्हणजे मला) मजुरी द्यायची, नंतर महिन्याला एक पैसा नाही. आज देशात चार कोटींच्या वर घरांवर ही छत्री आहे असं धरतात, म्हणजे कुठल्याही एका खाजगी डीटीएच कंपनीपेक्षा कितीतरी मोठी. आमच्याकडे तर मंगलोरी कौलांच्या घरावर, पत्र्याच्या शेडवर, आंब्याच्या बागेतल्या राखणदाराच्या खोपीवरसुद्धा दिसेल.

पण त्या छत्रीखाली बघतात काय? जुने हिंदी पिक्चर, भोजपुरी गाणी, डब केलेले साऊथचे मारामारीचे पिक्चर, न्यूज चॅनेल. डीडीचे स्वतःचे ढीगभर चॅनेल त्यात आहेत, ते ढकलत ढकलत लोक पुढे जातात. खाजगी चॅनेलवाले तिथली जागा लिलावात बोली लावून घेतात, त्यातून प्रसार भारतीला (दूरदर्शन चालवणारी सरकारी संस्था) चांगला पैसा मिळतो. म्हणजे चाळमालकासारखं झालंय, चाळ भरलेली, भाडं वेळेवर, पण मालकाच्या स्वतःच्या खोलीत कोण फिरकत नाही.

आणि भाडेकरूही लहरी. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे (टीव्ही-फोनचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नवे दर आले, केबल-डीटीएचला पहिल्या १०० चॅनेलचेच १३० रुपये आणि टॅक्स धरून १५३ रुपये ४० पैसे, पे चॅनेलचे वेगळे. त्याच सुमाराला मोठ्या नेटवर्कनी आपले हिंदी सिरीयलवाले चॅनेल फ्री डिशवरून काढून घेतले, कारण जे फुकट मिळतंय त्याचे पैसे कोण देणार. २०२० मध्ये परत आणले, कारण जाहिरातवाल्यांना गावातले बघणारे हवेच असतात, २०२२ मध्ये पुन्हा काढले. प्रत्येक वेळी शिव्या कुणाला? मला! पालशेतच्या एक आजी तर म्हणाल्या, "तू लावलीस तेवा दिसत होता, तूच कायतरी केलंस." आता त्यांना लिलाव कसा समजावू.

१ एप्रिलला माझे चॅनेल गायब झाले, बॉक्स बिघडला का?

नाही. लिलावातल्या जागा वर्षाच्या असतात आणि वर्ष १ एप्रिलला बदलतं. मेनूत जाऊन ऑटो स्कॅन मारा. तरी शेजाऱ्याकडे दिसतं आणि तुमच्याकडे नाही असं असेल तर तुमचा बॉक्स जुना एमपेग-२ वाला आहे, काही चॅनेल फक्त एमपेग-४ बॉक्सवर येतात. एवढ्यासाठी मला बोलवू नका, पेट्रोलचे पैसे घ्यावे लागतात मग वाईट वाटतं.

छत्री कुठल्या बाजूला लावायची? आमच्या मागे डोंगर आहे.

डोंगराची काळजी नको. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, घाटाच्या बाजूला, पण वर साठेक अंशावर. एवढ्या वर सह्याद्री आडवा येत नाही. आडवा येतो तो माड. आणि माड दरवर्षी वाढतो हे लोक विसरतात, पाच वर्षं व्यवस्थित चाललेली छत्री अचानक वारा आला की तुटक दिसायला लागते कारण झावळ मध्ये येऊन जाते. काजूचं, आंब्याचं तसंच. दोन फूट सरकवली तरी काम होतं पुष्कळदा.

समुद्राच्या अगदी जवळ असाल तर नटबोल्ट स्टीलचेच वापरा. खाऱ्या वाऱ्यात साधे दोन पावसाळ्यांत खलास, मग छत्री मान टाकते.

पावसात का जातं? जुनी अँटिना लावली तर चालेल?

जातं कारण छत्रीचा सिग्नल केयू बँडचा, साधारण ११-१२ गिगाहर्ट्झचा, तो जोरदार पावसाचे थेंब शोषून घेतात. खाजगी डीटीएचचंही तेच, महाग घेतली म्हणून पाऊस घाबरत नाही. सर कमी झाली की आपोआप येतं. जुलैत कोकणात राहायचं तर एवढं चालवून घ्यावं लागतं.

जुनी अँटिना नाही चालणार. दूरदर्शनने टॉवरवरून थेट येणारा जुना ॲनालॉग सिग्नल टप्प्याटप्प्याने बंद केला, २०२२ पर्यंत मोजके सोडून सगळे गेले. अँटिनाचं ॲल्युमिनियम भंगारात द्या, नाहीतर दोडक्याचा वेल चढवा, आमच्याकडे तोच आहे.

टीआरपी मोजतं कोण? आमच्याकडे तर कोणी विचारायला आलं नाही.

बार्क नावाची संस्था मोजते. देशभरातल्या ठराविक निवडलेल्या घरांत टीव्हीला मीटर लावतात आणि त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधतात. ती घरं कुठली हे गुप्त ठेवतात, नाहीतर चॅनेलवाले साड्या घेऊन दारात. खेड्यांची मोजणी तर २०१५ पासून धरायला लागले, त्याआधीचे आकडे शहराचेच, त्यामुळे जुने आकडे दाखवून कोणी "दूरदर्शन केव्हाच संपलं होतं" म्हणालं तर मी मान डोलवत नाही. आणि तो मीटर टीव्हीला असतो, मोबाईलला नाही. पोरगा पाणंदीत उभा राहून काय बघतो ते त्यात येत नाही.

लॉकडाऊनमध्ये रामायणाने रेकॉर्ड केला, म्हणजे लोक परत आले ना?

आले होते. २८ मार्च २०२० पासून परत दाखवायला सुरुवात केली आणि १६ एप्रिलच्या एका भागाला ७.७ कोटी बघणारे असं दूरदर्शनने जाहीर केलं, जगातला विक्रम म्हणून. विक्रमावरून नंतर बरीच चर्चा झाली पण बघत होते हे खरं, मी तेव्हा घरबसल्या फोनवरून किती जणांना डीडी नॅशनल कुठल्या नंबरला आहे ते सांगितलंय. माझ्या आईने तर ३३ वर्षांनी दुसऱ्यांदा हात जोडले. आणि मला पहिल्यांदा बाण लागताना दिसला!

पण मग पुढे काय? लॉकडाऊन उठला, लोक उठले. जुनं ताट परत वाढून पंगत एकदा बसते, रोज नाही बसत. त्या दोन-तीन महिन्यांत चांगलं काहीतरी नवीन तयार ठेवलं असतं तर निम्मे तरी थांबले असते असं मला वाटतं.

मॅच दूरदर्शनवर फुकट असते म्हणतात, मग माझ्या केबलवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर दुसरंच काहीतरी का दिसतं?

२००७ चा कायदा आहे, देशाच्या महत्त्वाच्या मॅचचं चित्र हक्क घेतलेल्या कंपनीने प्रसार भारतीला द्यायलाच लागतं, जाहिरातीचे पैसे ७५-२५ वाटायचे, ७५ कंपनीचे. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते चित्र दूरदर्शनने स्वतःच्या टॉवरवर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खाजगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणून महिन्याला तीनशे भरणाऱ्याच्या घरी मॅच नाही आणि फुकट छत्रीवाल्याकडे आहे. वर्ल्डकपच्या वेळी आमच्या बाजारपेठेत एका दुकानदाराने केबल असतानाही मॅचपुरती फ्री डिश लावून घेतली, दारात ही गर्दी, वडापाववाल्याचा धंदा दुप्पट.

पोरं टीव्हीच बघत नाहीत, त्यांचं काय?

पोरांचं सोडा, म्हातारे पण बघत नाहीत. आमच्याकडे नमन आणि जाखडीचे कार्यक्रम आता यूट्यूबवर लाईव्ह असतात, मुंबईत नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा सामना चालू आणि इकडे वाडीत आजोबा गोधडीत मोबाईल उभा करून बघतायत, मध्येच "अरे हा आपल्या बाळ्याचा पोरगा!" तिकडे सिंधुदुर्गात दशावताराचं तेच. हे दूरदर्शनने कधीच रात्रभर दाखवलं नसतं, दाखवलं असतं तर अर्ध्या तासाचं कापून, वर निवेदिका "कोकणची लोककला" म्हणून ओळख करून देणार. लोकांना ओळख नको असते, आपलं माणूस दिसायला हवं असतं. माझ्या मते खरी स्पर्धा नेटफ्लिक्सशी नाहीच, या बाळ्याच्या पोराशी आहे.

रेंजचं मात्र विचारू नका. कित्येक वाड्यांत अजून वर सड्यावर जाऊन उभं राहावं लागतं. आणि गणपतीत चाकरमानी आले की टॉवरला घाम फुटतो, एका वाडीत चारशे मोबाईल वाढतात, सगळ्यांना आरती लाईव्ह करायची असते आणि कुणाचीच होत नाही. त्या पाच-सात दिवसांत टीव्ही परत लागतो बघा, गोल गोल फिरणारं चक्र बघून कंटाळलेले सगळे पडवीत येऊन बसतात.

बाहेरच्या देशांत पण असंच आहे का?

असंच आहे, त्यांच्याकडे फक्त पैशांची ओरड जास्त. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घरटी लायसन्स फी असते, एप्रिल २०२५ ला ती वर्षाला १७४.५० पौंड झाली. तिथल्या ऑफकॉमच्या (टीव्हीवर देखरेख ठेवणारी संस्था) २०२५ च्या अहवालात बघण्याच्या वेळेत बीबीसी पहिली आणि यूट्यूब दुसरं, तिथल्या आयटीव्ही या खाजगी चॅनेलच्या पुढे. अमेरिकेत मे २०२५ मध्ये स्ट्रीमिंग पहिल्यांदा साधे चॅनेल अधिक केबल दोघांच्या बेरजेच्या पुढे गेलं. आणि ते यूट्यूब बघतात ते मोबाईलवर नाही, हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर, हे आपल्याकडे पण सुरू झालंय, स्मार्ट टीव्ही घेतला की पहिलं बटण तेच दाबतात.

आपल्याकडे पण लायसन्स होतं बरं का. पोस्टात जाऊन रेडिओचे, टीव्हीचे पैसे भरायचे, माझ्या वडिलांचं ते पुस्तक तिकिटं चिकटवलेलं अजून ट्रंकेत आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं. तेव्हापासून आपण दूरदर्शनचे मालकही नाही आणि गिऱ्हाईकही नाही, त्यामुळे हक्काने शिवी तरी कशी घालणार.

दूरदर्शनचं ॲप आहे म्हणे?

आहे, वेव्हज. २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या फिल्म फेस्टिवलमध्ये सुरू केलं. जुन्या मालिका आहेत, चॅनेल लाईव्ह दिसतात. टाकून बघा. मी टाकलंय, महिन्यातून एकदा उघडतो.

वादळात काय चालतं?

हे विचारणारे बहुतेक दापोली-मंडणगडचे असतात, त्यांना का ते सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा माझी बहीण केळशीच्या बाजूला होती. पत्रे उडाले, पोफळी मोडून पडल्या, लाईटचे खांब ओळीने आडवे. मी चार दिवसांनी रस्ता मोकळा झाल्यावर पोचलो. फ्री डिशची छत्री शेजाऱ्याच्या विहिरीत. खाजगी डीटीएचची सापडलीच नाही. मोबाईलचे टॉवर बंद, त्यामुळे जिओ, यूट्यूब, व्हॉट्सॲप सगळं एका रांगेत शून्य. आणि भावोजी मोडक्या पडवीत बसून तीन सेलवाला ट्रान्झिस्टर कानाला लावून बातम्या ऐकत होते, वाडीतली पंधरा माणसं त्यांच्याभोवती, अगदी आमच्या रामायणासारखी. तिकडे लाईट यायला काही वाड्यांत महिना लागला.

आकाशवाणी पण प्रसार भारतीचीच. त्या महिन्याचा टीआरपी कुठल्या मीटरने मोजला देव जाणे.

आणि म्हणून दूरदर्शनचे टॉवर बंद केल्याचं मला थोडं खटकतं. छत्रीला दिशा लागते, वाऱ्याने बोटभर हलली तरी काळोख. अँटिना वाकडी झाली तरी मुंग्यांतून का होईना माणूस बोलताना दिसायचा. खर्चाचं गणित मला मान्य आहे, कोणी बघत नसताना टॉवर चालवायचा कशाला, पण मच्छीमारी बंदी उठल्यावर ऑगस्टात होड्या बाहेर पडतात तेव्हा हवामानाचा इशारा ज्याच्यापर्यंत पोचायला हवा त्याच्याकडे रेंज असतेच असं नाही.

मग दूरदर्शन बंद होणार का?

नाही हो. सरकारी पैसा आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्रसार भारतीच्या यंत्रणेसाठी २,५३९ कोटींची योजना मंजूर झाली, त्यात दुर्गम, आदिवासी, सीमेवरच्या भागांत आठ लाख फ्री डिश बॉक्स वाटायचे होते. बंद पडणार नाही, पण असून नसल्यासारखं होऊ शकतं, आणि ते मला जास्त वाईट वाटतं. सह्याद्रीच्या सातच्या बातम्या अजून शांतपणे वाचतात, कोणी कोणावर ओरडत नाही, हे आजच्या दिवसांत किती मोठं सुख आहे ते दुसरं कुठलंही न्यूज चॅनेल पाच मिनिटं लावून बघा. पण त्यात कोकण येतं ते पूर, वादळ नाहीतर गणपतीच्या गाड्या. आंब्याला मोहोर आला का, दर काय फुटला, बंदरावर बांगडा किती आला हे मला एखादा पोरगा मोबाईलवर आठच्या आत सांगतो, तोतरं बोलतो, कॅमेरा हलतो, तरी मी त्यालाच बघतो.

मग आमच्या घरी लावू काय? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात नाही जमत. गावच्या घरी फक्त म्हातारी माणसं असतील तर फ्री डिश, डोळे मिटून. सुनेला मराठी सिरीयल चुकवायची नसेल तर केबल किंवा खाजगी डीटीएच, किंवा वाडीपर्यंत फायबर आलं असेल तर तेच घ्या आणि बाकी सगळं विसरा. घर वर्षातले अकरा महिने बंद असेल तर महिन्याचं काहीही घेऊ नका, एका मुंबईकराने बंद घराचं वर्षभर रिचार्ज केलं आणि आत वाळवीने बॉक्स खाल्लेला. सेलवर चालणारा एक रेडिओ मात्र कुठल्याही घरात असू दे, आणि पावसाळ्याआधी त्यातले सेल बदला, जुने सेल आत फुटून हिरवं पाणी झालेलं असतं.

आणि गणपतीला टीव्ही हवा असेल तर निदान पंधरा दिवस आधी फोन करा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी कुणाच्याच छपरावर चढत नाही, कौलं ओली असतात आणि आमच्याकडे मखर माझ्याच अंगावर असतं.